धायरीत न लागलेले ग्रहण

ग्रहण जिथे दिसते तिथेच ते पाळायचे, हा बाळासाहेबांचा आयुष्यभराचा दंडक. कऱ्हाडच्या शाळेत त्यांनी संस्कृत शिकवले, आणि शास्त्राचा अर्थ लावताना भीतीला किंवा सोयीला कधी जवळ केले नाही. 'भारतात दिसणार नाही' असे पंचांगात स्वच्छ छापलेले असूनही शेजारी पाण्यात दर्भ टाकू लागले, की ते मिस्कीलपणे विचारीत, "परक्याच्या घरचं सुतक तुम्ही कशाला धरता?" ढगांची सबब मात्र त्यांच्यापुढे चालत नसे. आभाळ भरून आले तरी त्या स्थळी ग्रहण असतेच. स्पर्श आणि मोक्ष गणिताने जाणावेत, स्नान करावे, जप करावा. त्या जपाला शेजारच्या पाटावर विजयालक्ष्मीबाई बसत. मोक्षाचे स्नान झाले की चहा बाळासाहेब स्वतः करीत. उपासाने पत्नीला पित्त होते, म्हणून त्यात आले घालीत नसत. एरवी हा माणूस स्वयंपाकघराकडे फिरकतही नसे.

त्याच विजयालक्ष्मीबाई यंदाच्या दीप अमावास्येच्या सूर्यग्रहणाला आयर्लंडमध्ये, टॅला गावातल्या मुलाच्या घरी, एकट्याच पाटावर बसायच्या तयारीत होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या शाळा बंद असतात. सून चित्रा इस्पितळात पाळ्यांची नोकरी करी, मुलगा प्रतापचे ऑफिस बॉल्सब्रिजला. नात इशितापाशी घरचे माणूस हवे, म्हणून दर उन्हाळ्यात बाईंना बोलावणे येई. यंदा त्या निघाल्या तेव्हा बाळासाहेबांची स्मृती विरू लागली होती, तरी ते पत्नीला ओळखत होते. धायरीला मुलीच्या, भार्गवीच्या दारात उभे राहून "जपून जा" म्हणाले होते. पुढे जुलैतल्या एका फोनवर त्यांनी बाईंना "आपण कोण?" असे विचारले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर तेच विचारले.

ज्या आठवड्यांत त्या मनातून आपण पुसले गेलो, त्या आठवड्यांत आपण इथे पोरीला बागेतल्या झोपाळ्यावर झोके देत होतो, ही टोचणी बाईंनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. आशा मात्र एकच धरली होती. भार्गवी म्हणाली होती, की बाबांना जेवल्याचे आठवत नाही, पण ग्रहणाचा संकल्प अजून अस्खलित येतो. मग ग्रहणातच फोन करावा. नेहमीप्रमाणे दोघांनी जपाला बसावे. संकल्प टिकला असेल, तर शेजारच्या पाटावरचे माणूसही टिकले असेल.

त्या दिवशी प्रताप लवकर घरी आला, ग्रहणाचे चष्मे घेऊन. आभाळ ओल्या घोंगडीसारखे खाली आले होते.

"आई, निदान ज्यूस तरी घे. काही दिसणारच नाहीये आज."

"तुझ्या बाबांसमोर म्हणून दाखव हे."

"बाबांना आता कुठे..." प्रताप बोलता बोलता थांबला. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. इशिता कपाटाला प्रेस म्हणे, आणि ते आता आजीच्याही तोंडी बसले होते. "दही प्रेसवर ठेवलंय, त्यात दर्भ आहे, काढू नकोस," एवढेच त्या म्हणाल्या.

प्रतापचा मित्र गौरव खग्रास पाहायला आइसलंडला गेला होता. त्याच्याकडून फोटो आला. काळे बिंब, भोवती रुपेरी कडा.

"आजी, लुक! गौरव काका गॉट द होल थिंग. वी गॉट क्लाउड्स," इशिता हिरमुसून म्हणाली. "आर यू नॉट स्टार्विंग?"

"एवढ्याने नाही मरत तुझी आजी. जा, बाबाबरोबर अंगणात जा."

दोघे बाहेर गेले. ढगांमागे कोणी पडदा ओढावा तसा उजेड ओसरत गेला. समुद्रपक्ष्यांचा कलकलाट मावळला आणि शेजारच्या बागेतले दिवे आपोआप लागले. बाईंनी पाट मांडून धायरीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होत आली होती. पडद्यावर भार्गवीचा थकलेला चेहरा उमटला.

"आई, आता तूच सांग बाबांना. दुपारपासून पाण्याचा थेंब नाही, गोळी राहिलीय. ग्रहण आहे म्हणतात. पंचांग डोळ्यांसमोर धरलं, तरी ऐकत नाहीत."

मग पडद्यावर बाळासाहेब आले. सोवळे नेसलेले, ताठ बसलेले.

"अहो, मी बोलतेय."

त्यांनी अदबीने हात जोडले. "नमस्कार. आपण कुठून बोलता?"

"आयर्लंडहून."

"तिथे स्पर्श झाला?"

"झाला. पण ढग आहेत."

"ढग असले म्हणून काय झालं? ग्रहण आहेच." आवाज शाळेतलाच होता.

"पण तुमच्याकडे नाही ना? दिसत नाही तिथे पाळायचं नाही, असं तुम्हीच सांगायचात. मग तुम्ही का उपाशी?"

बाळासाहेब गोंधळले. मग हळूच म्हणाले, "आमचं माणूस तिकडे आहे. तिच्यावर सावली असताना मी कसा जेवू? बसायचं तर दोघांनी बसायचं."

"अहो, मीच ती. मी विजया."

त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिले आणि समजूत घालावी तसे हसले. "नाही हो. तिचे केस काळेभोर आहेत." थोडे पुढे झुकून म्हणाले, "तिची आपली भेट झाली, तर एक निरोप सांगाल? मोक्ष झाला की आधी चहा घे म्हणावं. आलं नको. पित्त होतं तिला."

बाईंनी पदराने ओठ दाबले. ज्या नियमासाठी हा माणूस साऱ्या आळीशी भांडला, तो नियम त्याने तिच्यासाठी मोडला होता, की नुसताच विसरला होता? हे आता त्यालाही सांगता आले नसते.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "आता बसू या जपाला?"

"आपणही बसता? वा."

दोन्हीकडे माळा सरकत राहिल्या. इथल्या लांबलेल्या संध्याकाळी आठाच्या सुमारास अंगणात उजेडाची फिकट साय परत आली.

"मोक्ष झाला. आता जेवा."

"आपण बिंब पाहिलंत?"

"ढग आहेत. गणिताने सांगते."

"मग बरोबर," ते समाधानाने म्हणाले, आणि भार्गवीने पुढे केलेला पेला त्यांनी निमूट तोंडाला लावला.

स्नान करून बाईंनी कणकेचे दिवे वळले, आणि बाजूला चहाचे आधण ठेवले. प्रताप आत आला. आईचे डोळे पाहून घुटमळला.

"बोललीस बाबांशी? काय म्हणाले?"

"चहा घे म्हणाले. बिनआल्याचा."

प्रतापचा चेहरा उजळला. "म्हणजे ओळखलं त्यांनी!"

बाईंनी काडी ओढली आणि पहिला दिवा लावला. त्याच्या ज्योतीभोवती तळहात धरून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. आधण उतू जाऊ लागले, तेव्हा गॅस प्रतापनेच बंद केला.