न गंजणाऱ्या तारा

इचोड्याला हमरस्त्यावर आमचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, पत्रे आणि तार. तारेच्या दोन जाती. एक काळी, बांधकामाच्या सळया बांधायची. स्वस्त, पण एक पावसाळा अंगावर घेतला की लाल होते. दुसरी जस्ताचा मुलामा दिलेली, कुंपणाची. गिऱ्हाईक नुसतं "तार द्या" म्हणालं की वडील आधी विचारायचे, "कुठी लावाची हाय?" उत्तर ऐकल्याशिवाय वेटोळ्याला हात लावायचे नाहीत. मी याच दुकानात लहानाचा मोठा झालो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं म्हणायची मला सोय नाही.

गिटार माझी होती. आदिलाबादला कॉलेजात असताना खोलीतला जोडीदार शिक्षण अर्धवट सोडून गावी गेला आणि जाताना ती मला देऊन गेला. तिच्या लाकडी पेटीला एक बारीक तडा होता, पण मान सरळ होती. आमच्या गल्लीत तोवर कुणी गिटार हातात धरलेली नव्हती, त्यामुळे मला येणाऱ्या चार सुरांवर माझा रुबाब बरेच दिवस चालला.

माझी बहीण तेव्हा इंटरला, म्हणजे बारावीला होती, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी दुकानात बसलो की ती गिटार घ्यायची. तिला कुणी शिकवलं नाही. कानावर पडलेली चाल ती आधी एका तारेवर शोधायची, मग दुसऱ्या तारेवर, आणि चार दिवसांनी ती चाल भरून, गोल होऊन ऐकू यायची. संध्याकाळी ती ओट्यावर वाजवायला बसली की समोरच्या टपरीवरचे ट्रकवाले चहा संपला तरी उठायचे नाहीत. गणपतीत तिनं आरतीला साथ केली, तेव्हा आई कौतुकानं म्हणाली, "कानामागून आली अन् तिखट झाली." सगळे हसले, मीही हसलो. पण माझ्या पोटात दुखलं, आणि ते दुखणं बरेच दिवस राहिलं.

तिच्या हाताला घाम फार यायचा. परीक्षेत तळव्याखाली रुमाल ठेवून लिहायची, तरी कागद ओला व्हायचा. लोणचं घालायच्या दिवसांत आई तिला कैरीच्या फोडींजवळ फिरकू द्यायची नाही. "हिचा हात खारा हाय, लोनचं नासते," म्हणायची. बाकीच्या बाया फोडींना मसाला चोळत असायच्या आणि ही लांब बसून लसूण सोलायची. तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. उलट तेवढंच काम वाचलं म्हणायची.

तिच्या हाताखाली गिटारच्या तारा काळ्या पडल्या. सहाच्या सहा. आवाज बद्द झाला. नव्या तारा आणणं भाग होतं, आणि त्याच आठवड्यात वडिलांनी मला माल आणायला नागपूरला पाठवलं. तिथं वाद्यांच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर दोन पाकिटं ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "हाथ में पसीना आता है क्या?"

मी पाकिटं उलटसुलट करून पाहू लागलो, तसं त्यानं नीट समजावलं. ही साधी, ब्राँझची. ही कोटिंगवाली; हिच्यावर पातळ थर असतो, घाम आत जात नाही. आवाज सुरुवातीला थोडा दबका वाटेल, बोटांना तार जरा गुळगुळीत लागेल, पण कितीतरी महिने टिकेल. "पसीनेवाले हाथ के लिए यही लो," तो म्हणाला. मग विचारलं, "बजाता कौन है?"

"मैं," मी म्हणालो.

त्यानं माझा हात पाहिला. कोरडा होता. साधं पाकीट माझ्यापुढे सरकवलं आणि मी ते घेतलं. कोटिंगवाल्या तारा महाग होत्या, पण कारण ते नव्हतं. बहिणीच्या हाताखाली तारा गंजाव्यात, असा विचार तेव्हा माझ्या मनात इतका उघड आला नव्हता. मनात एवढंच आलं की गिटार माझी आहे, तारा माझ्या हाताला चालतील त्या घ्याव्यात. जस्ताची तार आणि काळी तार यांतला फरक गिऱ्हाइकांना पाठ म्हणून दाखवणारा मी! लबाडी पोटात असली की सगळं शिक्षण कुठे जातं कोण जाणे.

तीन आठवड्यांत त्या तारा काळ्या पडल्या. मी जेवायच्या वेळी गिटार सगळ्यांसमोर आणून ठेवली. "पाहा, नव्या तारा होत्या. माह्या हातानं होते का असं? लोनच्याचं झालं तेच इथं होऊन राह्यलं."

आई तिला म्हणाली, "काऊन हात लावतं वं तू त्याच्या वस्तूले?"

वडिलांनी ताटातून मान वर केली नाही. "कुंपनाची तार गंजली त लोक पान्याले शिव्या देतेत का?" म्हणाले. "तार बदलतेत."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बहिणीनं स्वतःचे दोन्ही तळवे पाहिले आणि ओढणीला पुसले. त्यानंतर काही दिवस ती हात धुऊन, पुसून मग गिटारला हात लावायची. एक चाल अर्धी झाली की थांबून पुन्हा पुसायची. अशानं कुणाला वाजवता येतं? पुढं तिनं गिटार घेणं बंदच केलं. कोणत्या दिवशी केलं हे मला सांगता येणार नाही, कारण माझं तिकडे लक्षच नव्हतं.

मी पुन्हा साध्या तारा चढवल्या. त्या वर्षभर चकचकीत राहिल्या आणि मला येणारे सूर चारचे चारच राहिले. आधी मी बिघडल्या तारांकडे बोट दाखवायचो. आता ती सबबही गेली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तर माझं अंगण आता अगदी सरळ झालं होतं. गिटार कपाटावर गेली. बहिणीचं लग्न बेल्याजवळच्या एका गावात झालं, कापूस-तुरीच्या घरात. पुढे वडीलही गेले.

यंदा दिवाळीच्या आधी मालासाठी नागपूरला गेलो होतो. पाय आपोआप वाद्यांच्या दुकानाकडे वळले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी विचारत विचारत गेलो. दुकान वेगळं होतं, काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनंही तेच विचारलं. मी म्हणालो, "हो, येतो. माझ्या बहिणीच्या हाताला. खूप येतो." तिनं कोटिंगवाल्या तारांचं पाकीट दिलं. हे म्हणायला मला चौदा वर्षं लागली.

तारा मी इचोड्याला आमच्या दुकानात बसून चढवल्या. जुन्या काढताना एक तुटून बोटाला लागली. पेटीवरची धूळ पुसली, खुंट्यांना तेल दिलं, मोबाईलवर पाहून सूर लावले. भाऊबीजेला गिटार पाठीला बांधून मोटारसायकलनं तिच्या गावी गेलो.

पडवीत वेचलेला कापूस पडला होता आणि ती त्यातला पालापाचोळा काढत बसली होती. गिटार पाहून हसली. "दादा, हे कायले आनलं?"

"तुह्यासाठी," मी म्हणालो. "नव्या तारा हायेत. घामानं गंजत नाईत ह्या."

ती उठून आत गेली. पाण्याचा आवाज आला. बाहेर आली ती पदराला हात पुसत. आधी तळवे, मग एकेक बोट. हात धुवायला मी सांगितलं नव्हतं. तिची सासू कौतुकानंच म्हणाली, "तिची सवयच हाय ते. इळा असो का सुई, कायलेबी हात लावाच्या आदी हात पुसते." ही सवय कुठल्या घरून आली हे त्या माउलीला माहीत नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

बहिणीनं गिटार मांडीवर घेतली. बोंडांनी तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. थोडा वेळ चाचपडली आणि मग ती गणपतीतली चाल आली, हळू, पण तीच, भरून. अर्ध्यावर थांबली. "पुढचं गेलं," म्हणाली आणि हसली. तार ओली झाली होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं.

"दादा, ह्या तारा तवा भेटत नोत्या का?"

सांगायची वेळ हीच होती. त्याचसाठी मी आलो होतो, निदान वाटेत मी स्वतःला तसंच बजावत होतो.

"नाई," मी म्हणालो. "आता आता निंगाल्या."

तिनं सुस्कारा सोडला. "मंग बरं. मले वाटे, दादानं जानूनच आनल्या नाईत. इतके वर्सं पाप घेतलं म्या मनात. माफ कर मले."

मी मान हलवली. तिची माफी मी घेतली.

मग तिनं मला पाटावर बसवून ओवाळलं. कुंकू लावताना तिचा अंगठा ओला होता, ते कपाळावर पसरलं. तिनं चटकन हात मागे घेऊन पदराला पुसला. "खराब केलं म्या," म्हणाली. "माहा हातच तसा."

तेव्हाही मी ताटात फक्त ओवाळणी टाकली.