खिडकीबाहेरची मेंढरं

काल शेजारच्या रानात धनगरांनी मेंढरं बसवली. लोकरीचा आणि लेंड्यांचा तो उग्र वास घरात शिरला, आणि मी पन्नास वर्षांमागच्या दुष्काळातल्या एका संध्याकाळी जाऊन बसले.

मांडवगणला आमच्या घरी दर बुधवारी बायबलचा शास्त्राभ्यास असायचा. चर्चचे पाळकसाहेब दौंडहून एसटीनं येत. त्या दिवशी अब्राहामाच्या अर्पणाचा अध्याय होता. देवानं मुलाचा बळी मागितला, बापानं सुरी उचलली आणि ऐन वेळी झुडपात शिंगं अडकलेला मेंढा दिसला. त्याचा बळी गेला, मुलगा वाचला. "खरी उपासना ही अशी असते," साहेब म्हणाले. बाहेर कालच्यासारखीच मेंढरं ओरडत होती.

मार्थाकाकू, माझी चुलती, खिडकीपाशी बसली होती. तिचा एकुलता एक मुलगा दानी नुकताच तापानं गेला होता. ती हळूच म्हणाली, "साहेब, बाहीर एवढी मेंढरं हाईत. माझ्या लेकराच्या वक्ताला एक बी कसं न्हाई आलं?"

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

मरेपर्यंत काकूनं एकही बुधवार चुकवला नाही. सगळे म्हणायचे, काय ही श्रद्धा! मीही म्हणायचे.

आता माझाही मुलगा मातीत आहे. दर बुधवारी काकूच्याच जागी, खिडकीपाशी, मी त्या उत्तराची वाट पाहत बसते. आणि लोक माझ्या श्रद्धेचं कौतुक करतात.