मेश्राम बाईंची सायकल आणि शेठची गाडी

वकिलाच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साचतात. फायली निदान रद्दीत तरी जातात! मी नागपुरात अपघाताचे दावे लढवते. पण एकट्या मेश्राम बाईंच्या केसनं जेवढे नमुने दाखवले, तेवढे बाकी सगळ्या केसेसनी मिळूनही दाखवले नाहीत.

मेश्राम बाई खापरखेड्याच्या शाळेतून रिटायर झालेल्या गणिताच्या शिक्षिका. आता राहायला नागपुरात. रोजचं येणं-जाणं सायकलनं. धरमपेठेत एका मोठ्या गाडीनं त्यांना मागून उडवलं. गुडघ्याचा चुराडा! गाडीवाला इतवारीतला भांड्यांचा व्यापारी. शेठ खाली उतरले, आधी वाकून आपला बंपर पाहिला, मग बाईंना!

*

हवालदार जबाब घ्यायला दवाखान्यात आला.

"सायकलचा नंबर सांगा."

"सायकलले नंबर नसते गा."

"मंग मी काय लिहू? दोन्ही गाड्यांचा नंबर लागते, बाई!"

"ज्याले नंबर हाय त्याचा लिही. ठोकलं त्यानंच!"

*

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक वकील उगवला. ओळख ना पाळख, हातात वकीलपत्र आणि शाईचा पॅड.

"मावशी, इथं अंगठा लावा. बाकी मी पाहून घेतो."

बाईंनी पूर्ण कागद वाचला. नर्सकडून लाल पेन मागितला. शुद्धलेखनाच्या पाच चुकांना गोल केले आणि कागद परत दिला.

"सुधरवून आणा."

तो पुन्हा दिसलाच नाही. मग बाईंची भाची त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

*

नोटीस गेल्यावर शेठ माझ्या ऑफिसात हजर. सोबत आपल्याच दुकानातला स्टीलच्या डब्यांचा सेट!

"मॅडम, बाईले हे द्या अन् केस वापस घ्यायले लावा. भारीवाला सेट हाय."

बाई शेजारच्याच खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी एक झाकण उघडून पाहिलं.

"गुडघा कोणत्या डब्यात ठेवू?"

*

कोर्टात विमा कंपनीचे वकील उलटतपासणीला उभे राहिले. चूक बाईंचीच, हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

"गाडी मागून आली ना? मग तुम्ही मागे का पाहिलं नाही?"

"मागं पाहून चालवली असती, तर समोरच्याले मी ठोकलं असतं. मंग तुम्ही त्याचे वकील झाले असते काय?"

न्यायाधीशांनी फाइल तोंडापुढे धरली.

*

निकाल बाईंच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली, पण गुडघा काही पूर्ण वळत नाही, सायकल सुटलीच. निकालाची प्रत हातात घेऊन बाईंनी एकच ओळ दोनदा वाचली. "चूक माही नव्हती, हे लिहून आलं. बस!"

*

पण सगळ्यांत भारी किस्सा शेठच्या साक्षीचा. मी विचारलं, "बाई तुम्हाला किती आधी दिसल्या?"

"लय दुरून दिसल्या, मॅडम. आपली नजर एकदम चांगली हाय."

"मग काय केलं?"

"हॉर्न मारला. तीन डाव!"

"आणि ब्रेक?"

शेठनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता.

"ब्रेक काहून? हॉर्न मारला होता ना!"