तांदळात लिहिलेलं नाव

हाक मारली तर ती वळायची नाही. खांद्याला हात लावावा लागायचा. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी बसायचो. मी मूर्तीला अंगाचा रंग द्यायची, ती डोळे आखायची. नव्या मुलींना वाटायचं, बाई बहिरी आहे.

"बहिरी नाय गो," ती हसायची. "गौरी म्हणून कोण ओरडलं, तर मला वाटतं दुसरीलाच बोलावतात."

दुसरी होतीच. तिच्या नवऱ्याची पहिली बायको. वर्षाच्या आत विहिरीत गेली, का ते घरात कोणी बोलत नसे. मग ही खांब गावाहून लग्न होऊन आली. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने पहिलीचंच नाव लिहिलं. सासू म्हणाली, "तोंडात बसलंय, बदलायचं कशाला?"

तुम्हाला माहीतच आहे, गौरी म्हणजे गोरी, पार्वती. भादव्यात माहेरी येते. तेरड्याची रोपं आणून आपण तिला उभी करतो, साडी नेसवतो, तीन दिवस लाड करतो. म्हणून तर आपल्याकडे गल्लीगल्लीत एक गौरी असते.

"मी काळी," ती म्हणायची, "आणि इतक्या वर्षांत माहेराला धाडली दोनदा. कसली गौरी गो मी?"

मग तिला नात झाली, नेमकी गौरी आल्या त्या दिवशी. नवरा म्हणाला, "गौरीच नाव ठेवायचं." सुनेला काय माहीत! ती खूश झाली.

बारशाच्या आदल्या दिवशी ही माझ्या दारात आली. "माझं तो ऐकत नाय. तू त्याला राखी बांधतेस, तू सांग. विहिरीतलं नाव पोरीला नको."

मी व्हय म्हटलं.

बारशाला घर भरलं होतं. तिचा नवरा माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. ती पाळण्यापलीकडून माझ्याकडेच बघत होती. मी पाळण्याची फुलांची माळ सारखी केली. चुलत आत्या वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायका कुर्रर्र करून हसल्या.

घुगऱ्या वाटत ती माझ्यापाशी आली. ओंजळ भरली आणि हळूच म्हणाली, "खा गो. याला तरी तोंड उघड."

दिवाळीनंतर तिच्या मुलाला रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि ते सगळे तिथल्याच अष्टमी गावात राहायला गेले. टेम्पोत पुढे ती बसली होती, नात मांडीवर. टेम्पो हलला तेव्हा तिने पोरीचा इवलासा हात धरून माझ्याकडे हलवला. स्वतःचा नाही हलवला.