मुरूडच्या भिंतीवरची अकरा माणसं

१९६२ साल, दिवाळी तोंडावर आलेली. मुरूडच्या बाजारात दामूशेठच्या हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर मी भारताची फुटबॉल टीम रंगवत होतो... अकराच्या अकरा.

तेव्हा मी बावीस वर्षांचा. दुकानांच्या पाट्या आणि होड्यांवरची नावं रंगवायचो. आपल्या टीमनं परदेशात जाऊन आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं आणि दामूशेठना इतका आनंद झाला की पेपरातला फोटो कापून त्यांनी माझ्या हातात दिला. "मोठं काढ. गावाला दिसू दे," म्हणाले.

फोटो काळापांढरा, माणसं बोटभर उंचीची. मी सगळ्यांना एकच गोरा गुलाबी रंग दिला, सगळ्यांचे डोळे टपोरे काढले. देशाची टीम म्हणजे देखणी हवी, एवढीच माझी समज...

तिसऱ्या दिवशी याकूबभाई चहा प्यायला आला. राजपुरीच्या लाँचवर कामाला असायचा आणि आमच्या गावच्या टीमचा कॅप्टन होता. तो सिद्दी. पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले, पण त्याच्या पणजोबांचाही जन्म इथलाच. तरी एसटीत नवा माणूस भेटला की विचारायचाच, "तुम्ही कुठल्या देशाचे?"

त्यानं भिंतीवरचे चेहरे एकेक करून पाहिले. मग म्हणाला, "पेंटर, ही सगळी एकाच आईची पोरं काय रे?"

यातल्या बऱ्याच जणांना त्यानं मुंबईत खेळताना पाहिलं होतं. माझ्या शेजारी उभा राहून तो एकेकाचं सांगत गेला. हा चांगला काळा आहे, हा सावळा, हा गव्हाळ. हा दार्जिलिंगकडचा, गालाची हाडं वर आणि डोळे बारीक... मी दोन दिवस खपून सगळे चेहरे पुन्हा रंगवले. मग कुठे ती माणसं वाटायला लागली. लोक रेवदंड्याहून बघायला यायचे.

आणि चीनचं युद्ध पेटलं.

रेडिओवर रोज वाईट बातम्या. गावातली तीन-चार पोरं सैन्यात होती, घराघरांत काळजी. एका सकाळी येऊन बघतो तर दार्जिलिंगच्या खेळाडूच्या तोंडाला डांबर फासलेलं. बाकीचे दहा जण जसेच्या तसे.

हॉटेलात गर्दी जमली. "चिन्यासारखं तोंड कशाला हवं भिंतीवर?" असं दोघं-तिघं म्हणायला लागले. दामूशेठ घाबरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुसून टाक रे बाबा. नाहीतर डोळे तरी मोठे कर. दोन रेघांचं तर काम."

खोटं कशाला सांगू... मी ब्रश उचलला होता.

याकूबभाई बाकावरच बसला होता. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "शेठ, जिंकल्याची बातमी आली तेव्हा तुम्ही अख्ख्या बाजाराला चहा पाजलात. ती बातमी दहा जणांची होती की अकरांची?"

शेठ गल्ल्याकडे वळले, तसा तो पुढे म्हणाला,

"आज त्याचे डोळे मोठे कराल. उद्या कुणीतरी माझे कुरळे केस सरळ करायला येईल. मी भिंतीवर नाही... पण रोज तुमच्यासमोर बसतो, शेठ."

मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, "मी पुसणार नाही. आहे तसाच राहील तो."

फडका घेऊन डांबर घासायला लागलो, तर ते जास्तच पसरलं. तेवढ्यात गर्दीतून बाळूदादा पुढे आला. कोळीवाड्यात तो होड्यांची डागडुजी करायचा. त्याचा पुतण्या सरहद्दीवर होता आणि पंधरा दिवस त्याचं पत्र नव्हतं.

बाळूदादाच्या हातात रॉकेलची बाटली होती. नखांत डांबर होतं... ते रोजच असायचं. पण त्या दिवशी सगळ्यांनी ते पाहिलं, आणि त्याला भिंतीपर्यंत वाट करून दिली.

"असं घासून न्हाय जायाचं ते. हो बाजूला," तो मला म्हणाला.

अर्धा तास तो स्टुलावर उभा राहून पुसत होता. आधी डोळे, मग गाल... आईनं लेकराचं तोंड पुसावं तसं. खाली स्टूल याकूबभाईनं धरलं होतं. खाली उतरल्यावर बाळूदादा त्याला म्हणाला, "डोकं फिरलं व्हतं रं माझं." याकूबभाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पत्र येईल, दादा."

दुपारपर्यंत मी तो चेहरा पुन्हा रंगवून काढला. डोळे होते तेवढेच बारीक ठेवले.

पुढच्या रविवारी जवानांच्या मदतीसाठी किनाऱ्यावर मॅच ठेवली होती. पाहुण्या टीमच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "यांनी तर फॉरेनचा प्लेयर आणलाय." एरवी आमचं गाव असलं बोलणं हसण्यावारी न्यायचं. त्या दिवशी बाळूदादा उठून उभा राहिला. "मुरूडचा हाय त्यो. अन् मुरूड भारतात हाय." त्याच्यामागोमाग अख्खा कोळीवाडा उठला, मग बाजारपेठ... मग दामूशेठसुद्धा.

शेवटच्या पाच मिनिटांत याकूबभाईनं हेडरनं गोल मारला. आम्ही जिंकलो. बाळूदादानं त्याला खांद्यावर घेतलं ते थेट हॉटेलच्या भिंतीपर्यंत, आणि मागे सगळं गाव. मी आयुष्यात इतका नाचलो नाही... लग्नातही नाही.

पुतण्याचं पत्र महिन्याभरानं आलं. सुखरूप होता.

याकूबभाई आणि बाळूदादा, दोघंही आता नाहीत. रंग कालवायला मी वडिलांकडून शिकलो, पण माणूस आहे तसा काढायची हिंमत याकूबभाईनं दिली, आणि चूक चारचौघांत कशी पुसायची ते बाळूदादानं दाखवलं. त्यांना हे तेव्हा सांगायचं राहून गेलं... म्हणून आज तुम्हाला सांगतोय.