मोठ्यानं सांगितलेला पत्ता

भोंग्याचं खरं नाव बस डेपोच्या जुन्या हजेरीपटात असेल तर असेल, बाकी कुणाला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं त्यानं कंडक्टरकी केली, आणि त्या एकतीस वर्षांत एकाही उतारूवर 'माझा थांबा आला का हो?' असं विचारायची वेळ आली नाही. खिडकीला डोकं टेकून घोरणारा माणूससुद्धा त्याच्या हाकेनं दचकून उठायचा आणि बरोबर आपल्या थांब्यावर उतरायचा. बायको म्हणायची, "अहो, घरात तरी हळू बोला. मीठ मागताय की गाडी सोडताय?"

निवृत्त झाल्यावर महिनाभरात बायकोनंच त्याला घराबाहेर काढला. म्हणजे भांडून नाही, शेजाऱ्यांच्या कृपेनं. दिवसभर हा घरात बोलणार आणि वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठणार. किती दिवस चालवून घेतील लोक? तेवढ्यात टॅक्सीवाल्यांच्या संघटनेला रात्रीच्या स्टँडवर रांग लावायला माणूस हवा होता. भोंगा गेला, एक हाक मारली, नोकरी पक्की.

हा स्टँड शेवटच्या बसथांब्याला लागून होता. शहराच्या मधल्या भागातून निघालेली शेवटची बस बारा-दहाला तिथं यायची आणि दिवे मालवून डेपोत जायची. पुढं जायचं तर टॅक्सी. रात्रीची बस म्हणून एक होती, तासाला एक, तीही हमरस्त्यानंच जाणारी. आली तर आली, नाही तर देवाला आठवा. त्यामुळे बारा वाजून गेले की उतरलेली माणसं निमूट भोंग्याच्या रांगेत उभी राहायची. जवळचं भाडं म्हटलं की एका ड्रायव्हरचं पोट दुखायचं, दुसऱ्याचा टायर बसायचा. भोंगा त्यांची अशी काही हजेरी घ्यायचा की टायर आपोआप भरायचा आणि पोटही बरं व्हायचं.

त्याची एक पद्धत होती. एकटी बाई गाडीत बसली की तो गाडीच्या टपावर थाप मारायचा आणि गाडीचा नंबर नि जायचं ठिकाण सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडायचा. "चारशे अकरा! पाण्याची टाकी! पोचवून फोन कर रे!" ही पद्धत उगाच पडली नव्हती. तो नवीन असताना एका ड्रायव्हरनं एका मुलीला पुलाखाली अंधारात उतरवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली, रडली, आणि गाडीचा नंबर कुणालाच सांगता येईना. भोंग्याच्या जिवाला ते फार लागलं. त्या रात्रीपासून त्यानं ओरडायला सुरुवात केली. नंबर दहा माणसांनी ऐकला की ड्रायव्हर सरळ चालतो, हा त्याचा हिशेब. आणि तो खरा ठरला. बायका मुद्दाम त्याच्या स्टँडवरून जायच्या. कुणाची आई येऊन त्याला नमस्कार करून गेली. मग काय, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. मी आहे म्हणून बायका सुखरूप घरी जातात, असं चारचौघांत सांगायला लागला. खोटं नव्हतं ते, पण जरा जास्तच सांगायचा.

स्टँडची आणखी एक शिस्त त्यानंच घालून दिलेली. स्टँडवरून फोन आला आणि 'गाडी फिरव' म्हटलं की ड्रायव्हरनं असेल तिथून परत यायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. आत बसलेलं माणूस काहीही म्हणो.

तीन आठवड्यांपूर्वी रांगेत एक नवीन बाई यायला लागली. तिशीची असेल. मधल्या भागातल्या मोठ्या औषधाच्या दुकानात दुपार ते रात्र अशी पाळी करायची, म्हणून ड्रायव्हरांनी तिचं नाव औषधवाली ठेवलं. बोलायची कमी. बसमधून उतरली की आधी मागं वळून बघायची, मग रांगेत यायची. रोज म्हणायची, "काका, पाण्याची टाकी." टाकीपाशी उतरायची आणि पुढं चालत जायची. कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं.

त्याच सुमारास बसथांब्याच्या बाकावर एक माणूस येऊन बसायला लागला. चांगले कपडे, गुळगुळीत दाढी, हातात काही नाही. बस आली तरी चढायचा नाही, गेली तरी उठायचा नाही. खांबाच्या पलीकडं, दिव्याचा उजेड पोचत नाही तिथं बसायचा. भोंग्याला वाटलं, बायकोनं घराबाहेर काढलेला असेल बिचारा, आपल्यासारखाच. एकदा त्यानं त्याला विचारलंसुद्धा, "काय साहेब, घरी कुणी वाट बघत नाही का?"

तो माणूस हसला. "बघतायत ना. त्यांनाच शोधतोय," म्हणाला.

भोंगाही हसला. त्याला तो विनोद वाटला. कपाळाला डोळे असून माणूस आंधळा असतो तो असा!

त्या रात्री औषधवाली बसमधून उतरली तेव्हा लंगडत होती. दुकानात खोकं पायावर पडलं होतं. मागं वळून बघितलं, पण खांबाआडचं तिला दिसलं नाही. रांगेत पुढं सरकत ती भोंग्याच्या अगदी जवळ आली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "काका, आज मला चालवणार नाही. दारापर्यंत सोडायला सांगाल का? टाकीच्या मागं, तिसरी गल्ली, निळं फाटक. तळमजला."

इतकं हळू बोलली की भोंग्याला तिची कीव आली. लाजायचं काय त्यात? पाय दुखतोय, दारात सोडा म्हणायला कसली चोरी? त्यानं तिला ज्याच्या गाडीत बसवलं तो मामा सगळ्यांत जुना, सगळ्यांत भरवशाचा ड्रायव्हर. भोंग्यानं टपावर थाप मारली आणि नेहमीपेक्षा चार बोटं वरच आवाज लावला.

"चारशे अकरा! टाकीच्या मागं! तिसरी गल्ली, निळं फाटक, तळमजला! दारात सोड रे मामा, पाय दुखावलाय तिचा!"

गाडी हलली. मागच्या काचेतून तिचा चेहरा दिसला. ती हात हलवून काहीतरी सांगत होती, तोंड उघडत होती, पण मागची गाडी हॉर्न मारायला लागली होती. भोंग्याला वाटलं आभार मानतेय. त्यानंही हात हलवला.

मग बाकावरचा माणूस उठला.

तीन आठवड्यांत भोंग्यानं त्याला उठताना पाहिलं नव्हतं. तो रांगेत आला नाही. शांतपणे, खिशात हात घालून, स्टँड सोडून हमरस्त्यापर्यंत चालत गेला. तिथं एक फिरती टॅक्सी थांबवली आणि बसला. गाडी टाकीच्या दिशेनं गेली. कंडक्टरकीची सवय, भोंग्यानं तिचा नंबर वाचला. मनात काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

रांगेत पुढची गाडी चष्मेवाल्या ड्रायव्हरची होती. त्यानं काच खाली केली. "गेला का तो बाकावरचा? बरं झालं. परवा मला म्हणत होता, त्या औषधवालीच्या गाडीच्या मागं चल. म्हटलं, असले धंदे आम्ही करत नाही, चल फूट."

"परवा? आणि हे मला आज सांगतोस?"

"विसरलो. असतात असे एकेक."

बाकावरचा माणूस तीन आठवडे कशाची वाट बघत होता, ते भोंग्याला एका क्षणात लख्ख कळलं. टाकी त्याला रोजच ऐकू येत होती, त्याला पुढचा पत्ता हवा होता. आणि तो त्याला मिळाला होता. शोधावा लागला नाही, पाठलाग करावा लागला नाही. भोंग्यानंच घसा फोडून गल्ली, फाटक, मजला सगळं नीट सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण दुसऱ्याच्या वाट्याला आलेलं.

पण भोंगा गडबडणाऱ्यातला नव्हता. त्यानं स्टँडच्या फोनवरून मामाला फोन लावला. "मामा, गाडी फिरव! तिला घरी सोडू नकोस! परत आण, आत्ताच्या आत्ता!" फोनमधून तिचा आवाज आला, मोठा, चिरका, पण शब्द कळायच्या आत मामानं "आलो" म्हणून फोन ठेवला होता.

भोंगा स्टँडवर येरझाऱ्या घालत राहिला. वेळेवर सुचलं म्हणून स्वतःला शाबासकी देत होता. जाऊ दे त्याला. जाऊन बसू दे निळ्या फाटकाशी. ती तिथं नसेलच. नऊ मिनिटांनी मामाची गाडी स्टँडमध्ये शिरली, आणि पुरती थांबायच्या आधीच तिनं दार उघडलं.

"परत का आणलंत मला?" ती ओरडली. "पोरगी घरात एकटी आहे माझी!"

तिनं मामाकडं बोट केलं.

"मी ओरडतेय, याचे पाय धरतेय, गाडी फिरवू नका म्हणून, आणि हा म्हणतो स्टँडचा हुकूम! कोण गेलंय तिकडं? सांगा! उंच आहे? दाढी केलेला?"

"हो," भोंगा म्हणाला.

"त्याला मी नकोय हो. त्याला ती हवीय."

मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. भोंग्यानं त्याला हलवलं, त्याच्या शेजारी बसला, आणि मामानं गाडी सुसाट सोडली. लाल दिवे आले नि गेले. मागं ती फोन लावत होती. शेजारच्या आजी दहा वाजता पोरीला झोपवून आपल्या खोलीत जायच्या. त्या फोन उचलत नव्हत्या. पोलिसांना लावला. "गाडी पाठवतो," म्हणाले. भोंग्यानं तिचा फोन घेऊन त्यांना फिरत्या टॅक्सीचा नंबर दिला, दोनदा सांगितला. टाकी दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "मी तुमच्या कानात सांगितलं होतं, काका."

चूक झाली म्हणावं तर ती चूक केवढी, हे मोजायचीसुद्धा त्याला भीती वाटत होती.

निळं फाटक उघडं होतं. तळमजल्याचं दारही उघडं. कडी तुटलेली नव्हती, काही सांडलेलं नव्हतं. गादीवर पांघरूण नीट बाजूला केलेलं, दाराशी छोट्या चपला नाहीत. शेजारच्या आजी पॅसेजमध्ये भिंतीला धरून उभ्या होत्या. "मला जाग आली तोवर ती निघाली होती गं," त्या म्हणाल्या. "तिनंच दार उघडलं असणार. बाबा आला, बाबा आला, म्हणत नाचत गेली त्याच्याबरोबर. मी म्हटलं आईला येऊ दे, तर तो हसून म्हणाला, आईनंच पत्ता दिलाय."

औषधवाली रडली नाही. ती गादीवर बसली आणि उशीवरून हात फिरवत राहिली. भोंगा दारात उभा होता. नऊ मिनिटं मागं यायची, वर तेवढीच पुन्हा जायची. मामानं गाडी फिरवली नसती तर ती आधी पोचली असती, दार लावून पोरीला कुशीत घेऊन बसली असती, आणि पोलीस आले असते. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. एकदा ओरडून नडलं, दुसऱ्यांदा वाचवायला जाऊन.

त्या नंबरानं तेवढं एक काम केलं. पोलिसांनी फिरत्या टॅक्सीवाल्याला झोपेतून उठवला, त्यानं लांबच्या गाड्यांचा स्टँड सांगितला. पहाटे चार वाजता, पहिली गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी, बाप-लेक तिथल्या बाकावर सापडले. पोरगी त्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तिला काही झालं नव्हतं. त्यानं आरडाओरडा केला नाही, नुसता हसला आणि म्हणाला, "आज नाही तर उद्या. हिची आई कुठंही राहू दे." पोलिसांनी त्याला चौकीतल्या एका खोलीत बसवलं. सकाळपर्यंत ठेवू, म्हणाले. पुढचं साहेब आल्यावर.

चौकीत टेबलाच्या एका बाजूला औषधवाली बसली होती, मांडीवर पोरगी. भोंगा भिंतीशी. त्याला घरी जा म्हणून दोनदा सांगितलं होतं, पण त्याचा पाय निघत नव्हता. मामा बाहेर गाडीत बसून होता, तोही गेला नव्हता.

पोलीस कागद पुढं ओढून म्हणाला, "त्या घरी आता राहू नका. दुसरीकडं कुणी आहे का? मैत्रीण, बहीण? पत्ता सांगा, आमची गाडी सोडून येईल."

ती बोलायला लागली आणि थांबली. तिनं आधी बंद खोलीकडं पाहिलं, मग भोंग्याकडं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्यानं खाली मान घालून ऐकून घेतला असता.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"हो. हो बाई," भोंगा म्हणाला. स्वतःलाच ऐकू आलं नाही इतक्या हळू म्हणाला. तो पायऱ्यांवर येऊन उभा राहिला, आणि आतून कुणीतरी दार लावून घेतलं.