सुपारी गोड, सून कडू

आमच्या गावात मला वर्षातून एक दिवस मान असतो. बाकीच्या दिवसांचं बायको सांगेलच, म्हणून मी सांगत नाही. तो एक दिवस पोळ्याचा. मारुतीच्या देवळासमोर तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींची टवाळी. भर गर्दीत ज्याच्या मनात येईल त्यानं पुढं व्हायचं, ज्याची उडवायची त्याची उडवायची आणि शेवटी हर हर महादेव करायचं. यात एकच कायदा आहे: झडतीवर रागवायचं नाही. ज्याला लागली त्यानं झडतीनंच उत्तर द्यायचं, नाहीतर हसून गप बसायचं. आमच्या गावात यावरून भांडण झाल्याचं कोणाला आठवत नाही. एरवी भांडायला आम्हाला दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाड पुरतं.

तर मी झडतीवाला. रस्त्यातले खड्डे, वीजवाले, कापसाचा भाव, कोळशाच्या ट्रकांची धूळ, सगळ्यांची मी उडवली आहे. माझं पोट आणि माझा रंग यांची गावानं उडवली आहे. मी काळा आहे. म्हणजे सावळा वगैरे नाही, चांगला तव्यासारखा. आख्खं गाव मला काळू म्हणतं. बँकेतल्या साहेबांनीसुद्धा एकदा 'या काळूभाऊ' म्हटलं होतं.

आमच्या घरात मोठ्या भावाचा मुलगा तेवढा शेती करणारा निघाला. भाऊ गेल्यावर तो पुण्याची नोकरी सोडून आला आणि येताना बायको घेऊन आला. ती नागालँडची. पुण्याच्या दवाखान्यात नर्स होती, तिथंच दोघांचं जमलं. इथं आल्यावर तिला वणीच्या एका डॉक्टरकडे काम मिळालं. रोज सकाळी मुकुटबनकडून येणाऱ्या बसची वाट पाहत ती फाट्यावर उभी राहायची. फाट्यावर पानठेला. ठेल्याचा मालक माझा लहानपणचा दोस्त. माझं पान तोच लावतो, न सांगता.

फाट्यावर काय चालायचं ते मला ठाऊक होतं. ठेल्यावर उभी असलेली पोरं 'ए मोमो' म्हणायची. कोणी 'चायनावाली' म्हणायचं. मालक स्वतः काही ओरडायचा नाही. तो पानाला चुना लावत अगदी प्रेमानं विचारायचा, "सूनबाई, तुमी कोन्या देशाच्या?" ती सांगायची, "भारतातलीच आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हसणारे नवे असायचे, एवढाच फरक.

आमच्या घरात मात्र असं काही नव्हतं. आमच्या घरात या विषयावर कोणी चकार शब्द काढत नसे, आणि याचा आम्हाला अभिमान होता. पाहुणे आले की त्यांनी तोंड उघडायच्या आत माझी बायको सांगून मोकळी व्हायची, "आमची सून पुण्याची बरं!" खोटं नव्हतं. पुण्याहूनच आली होती.

यंदा पोळ्याच्या आधी पुण्याच्या दवाखान्यातून तिला फोन आला. परत ये, जागा आहे. तिनं पोळा झाला की कळवते म्हणून सांगितलं. ती गेली तर पुतण्या जाणार, आणि पुतण्या गेला तर शेताकडे बघायला मी आणि माझे गुडघे. बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुमी दिवसभर टकळी चालवता. आता बोला तिच्याशी."

"काय बोलू?"

"ते मी सांगू का? गावभर झडत्या म्हनत फिरता ना!"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे, शेकायचे आणि त्यांच्या कानात आवतण द्यायचं: उद्या जेवायला या. सून माझ्याबरोबर गोठ्यात होती. मी एका बैलाचा खांदा चोळत होतो, ती दुसऱ्याचा. तिचा हात माझ्याहून हलका होता. बैलानं डोळे मिटले होते.

मी घसा साफ केला. "बेटा, गावात बोलत राह्यते लोकं. मनावर नाही घ्याचं. मले नाही का काळू म्हनत?"

ती चोळायची थांबली नाही. "काकाजी, तुम्हाला काळू म्हणतात. पण परत कधी जाणार, असं कोणी विचारतं का?"

मी वाटीतलं हळद-तूप उगाच ढवळलं.

"मला तेच विचारतात. आणि घरात कोणी काहीच विचारत नाही. काकू तर मला पुण्याची सांगतात. मला कळत नाही, फाटा बरा की घर बरं. फाट्यावर निदान समोरून बोलतात."

बैलानं शेपटी माझ्या तोंडावर मारली. मला वाटलं, बरोबर केलं.

"मंग आता समोरून बोलू," मी म्हणालो. "तू आली तवापासून मले एक विचाराचं हाय. तू... कुत्रं खाते का वो?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बॅग भरते. ती गोठ्याच्या खांबाला टेकून इतकी हसली की दोन्ही बैलांनी माना वळवल्या.

"इतके दिवस हे पोटात ठेवलं? म्हणून मी अंगणात आले की तुमच्या मोती कुत्र्याला तुम्ही आत बांधता?"

"नाही, म्हनजे... व्हय."

"मी नाही खात. आमच्याकडे काही लोक खातात, त्यात माझे एक मामा आहेत. झालं? आता मी विचारू?"

"विचार."

"तुमच्या घरात सगळे तुमच्यासारखे. काकू, तुमच्या बहिणी, तुमचा पुतण्यासुद्धा. तरी लग्नात प्रत्येक बाई माझा हात धरून म्हणत होती, चेहऱ्याचं जाऊ द्या, गोरी तर आहे! इतक्या काळ्या घराला गोरी सून काहून पाह्यजे?"

'काहून' तिनं अस्सल आमच्यासारखं म्हटलं. मी म्हणालो, "माह्या लग्नात मीबी पावडर लावली होती. फोटोत वांग्यावर पीठ सांडल्यासारखा दिसतो." फोटो तिनं पाहिला होता. ती पुन्हा हसली, पण मग हळद-तुपाची वाटी खाली ठेवून म्हणाली, "फाट्यावरच्यांना मी रोज उत्तर देते, ते त्यांना ऐकूच येत नाही. असं कुठलं ठिकाण आहे का तुमच्या गावात, जिथं मी बोलले तर ऐकावंच लागेल?"

आता सांगा, झडतीवाल्याला याचं उत्तर सुचणार नाही तर काय सुचणार?

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी गोठ्यातच झडती रचली. कल्पना तिची, यमकं माझी. ठेल्यावरच्या सुपारीच्या पोत्यावर तिच्याच मुलखाकडच्या गुवाहाटीचं नाव लिहिलेलं असतं, हे तिनं बसची वाट बघता बघता वाचलं होतं. झडती म्हणायची मी, असं ठरलं. पोळ्यात बाईनं झडती म्हटलेली गावानं कधी ऐकली नव्हती. मी छाती फुगवून म्हणालो, "तू फकत उभी राह्य. बाकी मी पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. बायका देवळाच्या ओट्यावर. झडत्या सुरू झाल्या. मी ऐटीत पुढं झालो आणि समोर पाहिलं, तर माझा दोस्त आपली जोडी धरून अगदी नाकासमोर उभा. त्यानं मला डोळा मारला. पस्तीस-चाळीस वर्षं त्याच्या हातचं पान खाल्लं आहे मी.

सुरू केलं:

"पानाले लागला चुना, चुन्यावर काथ,
रोज सकाळी पुसते गडी, कोन्ता देश, कोन्ती जात..."

पुढची ओळ गेली. साफ गेली. त्याचा चेहरा उतरत चालला होता आणि माझ्या तोंडून निघालं, "रस्त्यामंदी खड्डा..." ती तर मागच्या वर्षीची झडती! लोक हसले. "अरे काळू, म्हातारा झाला का बे?" कोणी ओरडलं. मी बैलाच्या आड जायला लागलो. माझ्या मापाचा माणूस बैलाच्या आड लपत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला:

"तुह्या ठेल्यावरची सुपारी माह्या मुलखातून आली,
सुपारी गोड लागली तुले, सून काहून कडू झाली?"

सून ओट्यावरून उतरून तोरणाखाली आली होती. डोक्यावर पदर, हात कमरेवर. शेवटचं हर हर महादेव तिच्या लक्षातच राहिलं नाही. मग ओट्यावरून एकट्या माझ्या बायकोनं ते पूर्ण केलं, इतक्या जोरात की बैल बिचकले. आणि मग गर्दीला हसू फुटलं. शिट्ट्या काय, हलगी काय!

आता कायदा कायदा आहे. दोस्ताला उत्तर देणं भाग होतं. तोही काही कच्चा गडी नव्हे. मिशीवर हात फिरवून म्हणाला:

"सुपारी आली पोत्यात, सून आली मोटारीत बसून,
एवढे बारीक डोळे घेऊन पाह्यते कशी कसून?"

पोरं खिदळली. मी सुनेकडे पाहिलं. याच्यापुढचं आम्ही काही रचलेलं नव्हतं. माझं डोकं तर कधीच कोरं झालं होतं. तिनं मात्र त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं, ज्याला मागच्या महिन्यात गंजलेला पत्रा लागला होता आणि ज्यासाठी तो वणीला तिच्याच दवाखान्यात सुई टोचून घ्यायला गेला होता.

"डोळे माहे बारके, तरी नेम माहा खरा,
सुई पाहून कोन म्हनलं, सिस्टर, थोडा दम धरा?"

या वेळी हर हर महादेव तिला आठवलं, पण म्हणायची गरजच पडली नाही. आख्ख्या पोळ्यानं म्हटलं. ठेल्यावरची 'मोमो' म्हणणारी पोरं तर एकमेकांच्या अंगावर पडून "सिस्टर, दम धरा, दम धरा" करत होती. दोस्ताचे कान शेंदरासारखे लाल. कासरा सोडून त्यानं दोन्ही हात जोडले. "हारलो, बाई. हारलो!"

"मी कोणाचं नाव घेतलं नाही हो," ती साळसूदपणे म्हणाली.

पोळा फुटला की जोड्या घरोघर जातात. घरची बाई बैलांचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी चारते. माझा दोस्त जोडी घेऊन सगळ्यात आधी आमच्या दारात आला. सून ताट घेऊन उभी. तो बराच वेळ बैलाची झूल नीट करत राहिला. ती नीटच होती. मग म्हणाला, "सूनबाई, ते रोजचं... आता नाही विचारनार. पोराइलेबी सांगतो." आणि जरा थांबून, "तुमच्या तिकडं बैल असते का वो?"

मी ऐकत होतो. पहिल्यांदाच त्यानं असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर त्याला खरंच हवं होतं.

"आमच्या गावात नाही, काकाजी. डोंगराच्या उतारावर भात. तिथं बैलाचा पाय टिकत नाही. आम्हीच नांगर, आम्हीच बैल."

"मंग आज तुमचाच पोळा!" तो म्हणाला, आणि तिच्या ताटातली पुरणपोळी उचलून त्यानं आधी तिच्यापुढं धरली. तिनं खाल्ली. बैल बघत राहिला.

घरात माझी साळी, बायकोची बहीण, आली होती. तिनं बायकोला विचारलं, "हीच ना तुमची पुण्याची सून?"

"पुन्याची कायची!" बायको म्हणाली. "पुन्यात नोकरीले होती. आमची सून नागालँडची हाय."

अंगणातून हे ऐकू आलं. सुनेनं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसला आणि तिथंच उभं राहून पुण्याला फोन लावला. तिनं सांगितलं, मी येत नाही. पलीकडून काही विचारलं असावं. ती म्हणाली, "नाही, पगाराचं नाही. इथं मला काम आहे."

काम कसलं ते मला लवकरच कळलं. दुसऱ्या दिवशी फाट्यावर तिच्याभोवती चार पोरं उभी होती. पुढच्या पोळ्याला सरपंचावर झडती पाहिजे म्हणत होती. माझ्याकडे कोणी आलं नाही. दोस्तानं माझं पान लावलं, न सांगता, आणि म्हणाला, "काळू, पुढच्या साली तू फकत बैल धर लेका."